फोन ठेवला की उठायचं

आधीच सांगून ठेवतो, मी शांत माणूस नाही. मी अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो, आणि शांत माणसाने अ‍ॅम्ब्युलन्स चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, पण ते आत्ता राहू दे. ही गोष्ट आमच्या कंट्रोल रूममधल्या मोठ्या ताईंची आहे. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

कुणाची छाती दुखायला लागली, कुणी जिन्यावरून पडलं, कुणाला ट्रकने उडवलं, की लोक फोन करतात. तो फोन वाजतो ती खोली म्हणजे कंट्रोल रूम. लांबट खोली, न उघडणाऱ्या खिडक्या, टेबलांची रांग. प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रत्येकीच्या कानाला हेडफोन. फोन घेणारी बाई पत्ता विचारते, तो टाइप करते आणि मग जवळ जी गाडी असेल तिच्या ड्रायव्हरला वायरलेसवरून सांगते. आमच्या गाड्यांतही स्क्रीन बसवलेत म्हणा, पण ते चालू असल्यापेक्षा बंद असलेलेच जास्त पाहिलेत मी. आम्ही चालतो आवाजावर. ताई म्हणाल्या डावीकडे, की डावीकडे.

मोठ्या ताईंना पाहण्याआधी कितीतरी वर्षं मी त्यांचा नुसता आवाज ऐकत होतो. आवाज भरदार, ठाम. मला वाटायचं, बाई चांगली उंचीपुरी असणार, दारातून आत आली तर दार भरून जाणार. एकदा काही कामाने वर गेलो तर नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेली, माझ्या खांद्याला कशीबशी लागणारी एक बाई म्हणाली, "तुम्हीच ना ते, वळणावर शिव्या देणारे?" मी म्हटलं, शिव्या समोरच्या रिक्षाला होत्या. तर म्हणाल्या, "माहितीये. पण वायरलेसचं बटण तुमच्या बोटाखाली होतं." सगळी खोली हसली. मी पण हसलो, काय करणार.

ताईंची एक सवय होती, आणि सगळं महाभारत घडलं ते त्या सवयीवरून. वाईट फोन संपला की त्या उठायच्या. पाय मुरगळला, ताप आला, असले फोन त्या पाठोपाठ घ्यायच्या. पण वाईट फोन असतात. पलीकडे एखादी आई नुसती किंचाळत असते. कुणी "उठ ना रे, उठ ना" म्हणत असतं आणि कुणी उठत नसतं. असा फोन संपला की ताई हेडफोन काढून ठेवायच्या, बाहेरच्या बोळातल्या नळाखाली मनगटं धरायच्या आणि पुटपुटायच्या, "हा नळ. ही भिंत. हे माझे हात. ती बाई तिच्या घरी आहे, मी इथे आहे." मग गरम दुधावर घालतात तशी लांब, सावकाश फुंकर. पुन्हा एकदा. मग परत येऊन 'तयार' नावाचं बटण दाबायच्या. ते दाबल्याशिवाय पुढचा फोन कानात यायचा नाही. चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ जात असेल यात.

हे त्यांना कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्या सगळे फोन घरी घेऊन जायच्या. मुलगा नुसता शिंकला तरी, "श्वास नीट चालू आहे का?" नवरा जरा उशिरापर्यंत झोपला, की नाकाखाली बोट. शेवटी सासूबाई एक दिवस कडाडल्या, "अगं, दारात चपला काढतेस, तसं डोक्यातलं पण काढून ये ना! आम्ही सगळे जिवंत आहोत इथे!" सासूचं बोलणं सुनेला लागतं, तसं लागलं. पण ताईंनी विचार केला, की म्हातारी म्हणतेय ते खरं आहे, पण काढायचं कसं? मग एक एक करून बघितलं. घरी गेल्यावर आधी भांडी घासायची, आणि ती घासून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. सासूबाई खमक्या, पण जीव लावणाऱ्या. एखादं पातेलं मुद्दाम करपवून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ये, तुझ्यासाठी खास जळकं ठेवलंय." ताई ते घासून घासून असं चकचकीत करायच्या, की त्यात तोंड दिसावं. तोवर त्यांचं स्वतःचं तोंडही बरंचसं निवळलेलं असायचं.

खोलीतल्या बाकीच्या बायका आधी त्यांना नळाशी बोलणारी म्हणायच्या. मग हळूहळू एकेकीने आपापलं काहीतरी शोधलं. एकीने टेबलाच्या खणात विणकाम आणून ठेवलं. एक जिन्याखाली जाऊन शिव्या देऊन यायची, आणि काय शिव्या! मी ड्रायव्हर माणूस, मला नवीन होत्या. धाकटी म्हणून एक पोरगी नुकतीच लागली होती, ताईंच्या शेजारच्या टेबलावर. ती रडून घ्यायची. ताई तिला सांगायच्या, "रड, पण उभी राहून रड. बसून रडलं की संपत नाही."

मला हे सगळं खूळ वाटायचं. बायकांचं काहीतरी, असं म्हणायचो. मग एकदा शाळेच्या बसला अपघात झाला आणि एका लहानग्याला मी दवाखान्यात पोचवलं. काय झालं ते नाही सांगणार. परत येताना वायरलेसवर मी फक्त "गाडी रिकामी" एवढंच म्हटलं असेन. ताई म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या." मी म्हटलं, मी ठीक आहे. "ठीक असाल, पण बाजूला घ्या. खाली उतरा. पाय आपटा जमिनीवर, जोरात." वेड्यासारखा उतरलो आणि आपटले पाय. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघू देत, त्यांच्या बापाचा रस्ता आहे का? आपटता आपटता मला रडू आलं आणि मग गाडी चालवता आली. तेव्हापासून मी बायकांचं काहीतरी, असं म्हणत नाही. आता प्रत्येक वाईट फेरीनंतर मी गाडी धुतो, स्वच्छ असली तरी धुतो.

मग आले नवे साहेब.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हणतो. तेव्हा त्याचं नाव निघालं की माझं डोकं तापायचं. तरुण, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याला वरून कुणीतरी झापलेलं होतं, की लोकांना फोन लागत नाही, थांबावं लागतं. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं आणि त्याला सापडलं, की बायका फोन संपल्यावर लगेच 'तयार' दाबत नाहीत. त्याला त्याने नाव दिलं, वाया गेलेला वेळ. त्यातला सगळ्यात जास्त वाया गेलेला वेळ कुणाचा? मोठ्या ताईंचा. साहजिक आहे. अवघड फोन सगळ्या त्यांच्याकडेच ढकलायच्या.

आणि गंमत बघा. त्याच महिन्यात याच साहेबाने ताणमुक्तीचा कार्यक्रम काढला. भिंतीवर समुद्राचं चित्र लागलं. दुपारी एका ठरलेल्या वेळेला सगळ्यांच्या हेडफोनमध्ये एक गोड आवाज यायचा, "आता डोळे मिटा. खोल श्वास घ्या. तुम्ही एका शांत किनाऱ्यावर आहात." आणि समोर फोनचे दिवे लुकलुक लुकलुक करतायत! पहिल्याच दिवशी एका फोनवर बाई ओरडत होती, की सासरे गुदमरतायत, आणि दुसऱ्या कानात किनारा. ताईंनी हेडफोनमधला किनारा बंद करून टाकला. साहेब म्हणाला, "ताई, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. तुम्हाला ताण नाही का येत?"

"येतो ना," ताई म्हणाल्या. "पण तो तुमच्या घड्याळाप्रमाणे नाही येत, साहेब. फोन येतो तेव्हा येतो."

साहेबाचे कान लाल झाले. सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. पुढच्या आठवड्यात नियम निघाला, की फोन संपल्यावर जागा सोडायची नाही. 'तयार'चं बटण काढून टाकलं. एक फोन संपला, की दुसरा आपोआप कानात पडणार. आणि वर मेख अशी, की जी उठेल तिच्या एकटीची नाही, तिच्या पूर्ण पाळीची साप्ताहिक सुट्टी रद्द. याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

ताई तरीही उठल्या. दोनदा उठल्या. पहिल्यांदा ताकिदीवर भागलं, दुसऱ्यांदा उठल्या, तेव्हा सगळ्यांची सुट्टी गेली. कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही, पण धाकटीचं लेकरू आजारी होतं आणि ती सुट्टीवर टपून बसली होती. ताई मला खाली भेटल्या, तेव्हा चेहरा उतरलेला होता. "माझा हट्ट पोरींना का भोगायला लावू?" म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही भांडा, आम्ही ड्रायव्हर लोक आहोत मागे. त्या म्हणाल्या, "मागे असणारे पुष्कळ असतात हो." आणि त्या बसल्या. नियमाप्रमाणे बसल्या. घरी सासूबाई रोज दोन दोन पातेली जाळत होत्या, तरी पुरेना.

आता नीट ऐका, कारण ही चूक आमच्याच धंद्यात होते. बाहेरच्या माणसाला ती सुचायची पण नाही.

त्या दिवशी ताईंना एका म्हाताऱ्या बाबांचा फोन आला. बायको पडली होती, श्वास नव्हता. बाबा घरात एकटे. ताईंनी लगेच दुसऱ्या एका ड्रायव्हरची गाडी पाठवली आणि फोनवरूनच बाबांना छाती दाबायला लावली. दाबा, दाबा, मी मोजतेय, थांबू नका. आणि बाबांना भीती, की गाडीला घर सापडणार नाही. म्हणून दाबता दाबता ते पत्ता सांगत राहिले. डेअरीच्या मागची गल्ली, हिरवं गेट, दुसरा मजला. डेअरीच्या मागची गल्ली, हिरवं गेट, दुसरा मजला. गाडी पोचली, डॉक्टर वर गेले, आणि फोनवर ताईंना ऐकू आलं, डॉक्टर म्हणतायत, "बाबा, आता सोडा. त्या गेल्या." बाबांनी फोन ठेवला नाही. "ताई, गेली हो," एवढं सांगून मग ठेवला.

आणि त्याच क्षणी पुढचा फोन कानात पडला.

पलीकडे एक बाई. नवऱ्याचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात हलत नाहीये. म्हणजे अर्धांगवायूचा झटका. अशा वेळी घाई करावी लागते, उशीर झाला की गेलेलं परत येत नाही. ताईंनी सगळं बरोबर विचारलं, पत्ता बरोबर टाइप केला. पाण्याच्या टाकीसमोर, तळमजला, निळा दरवाजा. मग वायरलेसचं बटण दाबून मला म्हणाल्या, "डेअरीच्या मागची गल्ली, हिरवं गेट, दुसरा मजला. झटका आहे, पळा."

मी पळालो. सिग्नल तोडत पळालो. हिरवं गेट सापडलं, बाहेर चार माणसं उभी. मला वाटलं, पेशंटची माणसं. मी उडी मारून उतरलो, स्ट्रेचर काढायला मागचं दार उघडलं, तेवढ्यात आतून एक म्हातारे बाबा अनवाणी धावत आले. माझा हात धरला आणि म्हणाले, "तुम्हाला परत पाठवलं का हो? अजून काही करता येण्यासारखं आहे का?"

मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय. पण त्या माणसाचं तोंड मी विसरणार नाही. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, की नाही बाबा, आम्ही चुकून आलो. बाबांनी माझा हात सोडला. "बरं बरं," म्हणाले, "मग जा लवकर. दुसरं कुणी वाट बघत असेल."

मी गाडीत बसून वायरलेसवर ओरडलो, "ताई, कुठे पाठवलंत मला? इथे तर मयत झालंय!" मग ताई म्हणाल्या, "माझं चुकलं. पाण्याच्या टाकीसमोर, तळमजला, निळा दरवाजा. जा."

गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो माणूस वाचला. घरं रंगवायचं काम करायचा, रंगारी. वाचला, पण उजवा हात गेला. गाडी लवकर आली असती तर हात राहिला असता का? डॉक्टर म्हणाले, कदाचित. आता हा 'कदाचित' शब्द घेऊन माणसाने काय करायचं, सांगा मला.

रंगाऱ्याच्या बायकोने तक्रार केली. का करू नये? गाडी उशिरा आली, आणि गाडी माझी. तक्रार माझ्या नावाने. साहेबाने ताईंना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात समजावलं. फोनचं रेकॉर्डिंग आहे, त्यात तुम्ही पत्ता बरोबर घेतलाय. कॉम्प्युटरवर पण बरोबर आहे. वायरलेसचं रेकॉर्डिंग होत नाही. म्हणजे ड्रायव्हरने चुकीचं ऐकलं, एवढंच म्हणायचं. त्याची फार तर बदली होईल, फार तर घरी बसेल. तुमची इतक्या वर्षांची नोकरी डागाशिवाय राहील. खात्याचं नाव राहील. सुंठीवाचून खोकला जाईल.

हे मला ताईंनीच येऊन सांगितलं, मी गाडी धूत होतो तिथे. माझ्या हातातला पाइप तसाच राहिला, पाणी बुटात गेलं. माझ्या मनात काय आलं, खरं सांगू? मला वाटलं, झालं, आपण गेलो. कोण कुणासाठी आपला गळा पुढे करतं? मी एवढंच विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, दार उघडा, मला कामावर जायचंय," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. जे मी बोलले ते मी बोलले. चौकशीला इस्त्रीचा शर्ट घालून या, गबाळे दिसता."

चौकशीला साहेबाच्या वरच्या मोठ्या बाई आल्या होत्या. एक टेबल, साहेब, मी, ताई, आणि समोर रंगाऱ्याची बायको. ती घरी शिवणकाम करायची. बसल्या जागी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. माझ्याकडे तिने असं बघितलं, की मी मान खाली घातली. माझा दोष नव्हता तरी घातली.

मोठ्या बाईंनी विचारायच्या आधीच ताई उभ्या राहिल्या. "गाडी चुकीच्या घरी मी पाठवली. ड्रायव्हरने मी सांगितलं तेच ऐकलं आणि मी सांगितलं तिथेच ते गेले."

"ताई, विचार करून बोला," साहेब म्हणाला.

"विचार करायलाच तर वेळ मागत होते, साहेब. तो तुम्ही काढून घेतलात." ताईंचा आवाज चढला नव्हता. तो वायरलेसवर असतो तसाच होता. "मला काय शिक्षा करायची ती करा. मी नाही म्हणणार नाही. पण का चुकलं तेही ऐकून घ्या. आधीच्या घरातली बाई माझ्या कानात गेली होती. मी उठून नळावर जायला हवं होतं, मनगटांवर पाणी घेऊन, दोनदा फुंकर मारून मग पुढचा फोन घ्यायला हवा होता. मी बसले. नियम होता म्हणून बसले. हा माझा गुन्हा. यापुढे मी बसणार नाही. आज सांगतेय, उद्याही उठणार, परवाही उठणार. काढायचं असेल तर आत्ताच काढा."

"या सबबी झाल्या," साहेब म्हणाला.

तेवढ्यात ती शिवणकामवाली बाई ताडकन उठली. "म्हणजे तुम्हाला नळावर जायला मिळालं नाही, म्हणून माझ्या नवऱ्याचा हात गेला?"

मला वाटलं, ताई काहीतरी समजावतील, तसं नाही हो म्हणतील.

"हो," ताई म्हणाल्या. "तसंच आहे."

मग ती बाई जी सुटली! तिने ताईंना काय काय ऐकवलं, मी इथे सांगत नाही. तुमचं काय जातं, म्हणाली. तुम्ही पाणी घ्याल, फुंकरी माराल आणि घरी जाल, त्या हाताला मी कुठल्या नळाखाली धरू? त्याला घास भरवताना तो तोंड फिरवतो, म्हणाली, मला त्याचं तोंड बघवत नाही. साहेब मध्ये पडायला उठला, तर ताईंनी त्याला हातानेच बसवलं. पूर्ण ऐकून घेतलं. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, एकदाही मान फिरवली नाही. माझ्याच्याने ऐकवत नव्हतं.

बाई दमली. खुर्चीला धरून उभी राहिली आणि मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "मला माफी नको. मला एक सांगा. उद्या माझ्या घरून परत फोन आला, आणि तुम्ही तिकडे नळावर असलात तर?"

आता हा प्रश्न साहेबानेही कधी विचारला नव्हता, आणि मी सुद्धा. खरा प्रश्न तोच होता. मी ताईंकडे बघितलं.

"तर शेजारची उचलेल," ताई म्हणाल्या. "तिनेही उशीर केला, तर तुम्हाला थोडं थांबावं लागेल. लागेलच, मी खोटं नाही सांगणार. पण जी उचलेल ती तुमचंच ऐकेल. दुसऱ्या कुणाचं घर कानात घेऊन तुमच्या घरी गाडी पाठवणार नाही."

"शेजारची कोण?"

"एक पोरगी आहे. नवीन."

"तिला उठू देतात?"

बाईने साहेबाकडे बघितलं. साहेबाने मोठ्या बाईंकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "असं प्रत्येकीला उठू दिलं, तर खोली चालणार कशी?"

"आणि बसवून ठेवलं, की गाडी कुठे जाते ते माझ्या घरी या, दाखवते," बाई म्हणाली.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. साहेब घाम पुसत होता, आणि कसं का असेना, मला त्याची थोडी दया आली. त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलंच होतं की. पण ती दया मी जास्त वेळ ठेवली नाही.

निर्णय तिथेच झाला. 'तयार'चं बटण परत लावायचं आणि सुट्ट्या परत द्यायच्या. माझ्यावर काही नाही. आणि ताईंना फोनवरून काढून कोठीत टाकायचं, जिथे ब्लँकेटं आणि ऑक्सिजनच्या नळकांड्या ठेवतात. चूक त्यांची होती, शिक्षा त्यांना. मी तोंड उघडलं, तर ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं. अन्याय आहे हा, मी आजही म्हणतो. ताई म्हणतात, नाही, एका माणसाचा हात गेलाय.

बाहेर आलो. रंगाऱ्याची बायको फाटकाशी उभी होती. पदराचं टोक अजून बोटाला घट्ट गुंडाळलेलं होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, चला, घरी सोडतो.

"तुमच्या गाडीत मी मेले तरी बसणार नाही," ती म्हणाली आणि चालायला लागली. टाकीपर्यंत! ते काय जवळ आहे?

ताईंनी पर्स खांद्याला अडकवली आणि तिच्या बरोबरीने चालू लागल्या. मी तिथेच उभा राहून ऐकत होतो.

"माझ्यामागे येऊ नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नका करू," ताई म्हणाल्या. "पण पाय भराभर उचला. एवढा राग घेऊन हळू चालू नये, छातीत बसतो. आणि बोला, आत राहिलंय ते सगळं बोला."

"उद्या पण येणार मी भांडायला."

"या की," ताई म्हणाल्या. "मी कुठे पळून चाललेय."